वूचची प्योत्रकोवस्का स्ट्रीट: कमानीतून आत शिरा

पोलंडला जाणारे बरेच जण वॉर्सा आणि क्राकूव करून परत येतात, वूचला कोणी फिरकत नाही, आणि मला ते खरंच चुकीचं वाटतं. वॉर्साहून ट्रेनने दीडेक तास फक्त. आणि प्योत्रकोवस्का स्ट्रीट सरळ 4.2 किलोमीटर, पूर्ण चालत गेलं तर हे शहर कसं वाढलं ते कळतं.

1820 मध्ये सरकारने वूचला कारखान्यांचं गाव करायचं ठरवलं तेव्हा इथे हजार माणसंही नव्हती. सॅक्सनी, सायलेशिया, बोहेमिया अशा आसपासच्या जर्मन-चेक भागांतून विणकर बोलावले आणि प्योत्रकूव गावाला जाणाऱ्या जुन्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांना लांबलचक चिंचोळे प्लॉट दिले, पुढे छोटं घर, घरातच माग. पोलंडचा हा भाग तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होता, मग 1851 ला रशियासोबतची जकातीची सीमा गेली, इथलं कापड रशियाभर खपायला लागलं, पैसा आला, त्या घरांच्या जागी मजल्यावर मजले चढले पण प्लॉट तेवढेच राहिले ना, म्हणून रस्त्यावरून बघाल तर नक्षी, बाल्कन्या, पुतळे, आणि कमानीतून आत गेलात की अरुंद लांब चौक, साध्या भिंती, खोल्यांमागे खोल्या. मला पुढच्या नक्षीपेक्षा हे चौक जास्त आवडले. दिसेल त्या उघड्या कमानीत शिरा!

दक्षिणेला 282 नंबरला कारखानदार लुडविक गायरची पांढरी फॅक्टरी आहे, 1835 ते 39 मध्ये बांधलेली, आता तिथे टेक्स्टाइल म्युझियम. शतक संपेपर्यंत शहर 3 लाखांवर गेलं होतं, 1898 ला इलेक्ट्रिक ट्रामसुद्धा आली.

दुसऱ्या महायुद्धात वूच वॉर्सासारखं जमीनदोस्त झालं नाही म्हणून हे सगळं बघायला मिळतं. पण नाझींनी या रस्त्याला हिटलरचं नाव दिलं, आणि रस्ता उत्तरेला संपतो तिथून थोडं पुढे बाउती भागात घेटो केला, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायची वस्ती. युद्धाआधी शहरातला जवळपास दर तिसरा माणूस ज्यू होता. ऑगस्ट 1944 मध्ये घेटोत उरलेल्या जवळपास सगळ्यांना ऑशविट्झच्या मृत्यूछावणीत नेलं. आता रस्त्यावर कवी तुविमचा पुतळा बाकावर बसलाय, पियानोवर पियानोवादक रुबिनस्टाइन आहे, लोक हौसेने फोटो काढतात, दोघेही याच शहरात ज्यू घरांत जन्मले आणि तुविमच्या आईला नाझींनी 1942 मध्ये मारलं, हे माहीत असलं की तिथे हसून सेल्फी काढवत नाही.

जुलै 1981 मध्ये दुकानांत खायला मिळेना म्हणून याच रस्त्यावरून हजारो बायका मोर्चा घेऊन निघाल्या, कितीतरी गिरण्यांत राबणाऱ्या, पोरांना सोबत घेऊन. कारखानदारांचे पुतळे आहेत इथे, पण मला विचाराल तर हा रस्ता त्या बायकांचा जास्त आहे.

आणि 3 नंबरची कमान सोडू नका. योआना राय्कोवस्का या कलाकाराच्या मुलीला, रुझाला, लहानपणी डोळ्यांचा कॅन्सर झाला होता, तिच्यासाठी आईने अख्ख्या चौकाच्या भिंती आरशांच्या तुकड्यांनी मढवल्यात. ऊन असताना जा, तिकीट वगैरे काही नाही.