रोहूला सातबारा लागतो, मरळीला लागत नाही

शेततळं झालं, कागद अंथरला, ओढ्यातून सायफन लावून भरलंही. इथपर्यंत काही अडलं नाही. अडलं ते मासे सोडायच्या वेळी.

मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, अनुदानावर मिळेल म्हणून जूनमध्येच मत्स्य कार्यालयात अर्ज दिला. टेबलावरच्या बाईंनी सातबारा उलटापालटा करून पाहिला. "यावर तळ्याची नोंद कुठाय?" मी मोबाईलमधला फोटो दाखवला. "फोटो नको, नोंद आणा." नोंद दुसऱ्या कार्यालयात. तिथल्या भाऊसाहेबांकडं तीन गावं, त्यामुळं ते नेहमी उरलेल्या दोन गावांत. चार हेलपाटे झाले. पाचव्यांदा गेलो तो दिवस 10 जुलै. बाईंच्या कार्यालयात राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिनाचा फलक लागलेला आणि साहेब कार्यक्रमाला गेलेले! बाकावर बसून तो फलकच वाचत बसलो. 1957 साली याच दिवशी ओडिशात हिरालाल चौधरींनी पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची अंडी मिळवली होती. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून पावसाळ्यात हॅचरीत इंजेक्शन देऊन जिरं, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, काढायचं, मग तळ्यात. म्हणजे हंगाम मोजून दोन-तीन महिन्यांचा, आणि माझी नोंद झाली ऑगस्टच्या मध्यावर. "यंदाचं बीज संपत आलंय, आलं तर कळवू."

तुम्हाला करायचं असेल तर नोंदीचं काम मार्चमध्येच उरका.

अर्जात एक रकाना होता: तळ्यात सध्या मासे आहेत काय? मी "नाही" लिहिलं होतं. पण त्या संध्याकाळी रागारागानं तळ्याकाठी भाकरी खात बसलो, तुकडा पडला आणि पाण्यात चार-पाच तोंडं वर आली. चिलापी! वरच्या बंधाऱ्यात ती ढिगानं आहे. पिल्लं नळीतून आलेली. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते, तिला पूर लागत नाही, हॅचरी लागत नाही. चार दिवसांनी बोटाएवढी मरळही दिसली. तीही त्याच वाटेनं आली असणार. नळीच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधायचं मला सुचलं नव्हतं, तुम्ही बांधा.

शेवटी खासगीतून 500 बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्लं, आणली. आधी जाळं ओढून मरळ काढली, नाहीतर तिनं निम्मी बोटुकली फस्त केली असती. चिलापी मात्र पुरती निघाली नाही. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या तोंड न सोडता पंधरा-वीस मिनिटं तळ्यावर तरंगत ठेवायच्या, मग हळूहळू तळ्याचं पाणी आत घ्यायचं. घाईत मी पहिली पिशवी थेट ओतली आणि पांढरी पोटं वर आलेली बघितली.

अर्जातला तो "नाही" अजून तसाच आहे. दुरुस्तीसाठी पुन्हा त्या टेबलापुढं उभं राहायची माझी तयारी नाही.