तुम्ही विचारलंत म्हणून: बाख, लोकगीतं आणि स्पिरिच्युअल्स एकाच मैफलीत?

कार्यक्रम संपला की कुणीतरी हमखास विचारतं, "फ्लूट आणि पियानोवर बाख, हंगेरीची लोकगीतं आणि वर स्पिरिच्युअल्स? जमवता कसं?" (बाख म्हणजे अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार, स्पिरिच्युअल्स म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची भक्तिगीतं.) मी पियानोवर असते. प्रश्न मलाच येतो, कारण माझा जोडीदार तेव्हा फ्लूट पुसण्यात गुंतलेला असतो.

जमवत नाही, हेच खरं उत्तर. असे कार्यक्रम फसतात ते सगळं सारखंच गोड करून वाजवल्यामुळे. प्रत्येक प्रकाराला त्याच्या तऱ्हेने श्वास घेऊ दिला, की बाकीचं आपोआप होतं.

श्वास म्हणजे अगदी शब्दशः. फ्लूटला रीड (फुंकरीने थरथरणारी पातळ पट्टी) नसते, हवेला अडवणारं काही नाही, त्यामुळे दम भराभर संपतो. बाखच्या बी मायनर सोनाटात (त्याच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही १०३०) तर श्वास घ्यायला जागाच सापडत नाही. त्यात कीबोर्डचा उजवा हात फ्लूटच्या बरोबरीनं बोलतो, म्हणजे मला नुसती साथ करून भागत नाही. जोडीदार जिथे चोरून श्वास घेतो, तिथे मी पुढचा स्वर किंचित उशिरा टाकते. ऐकणाऱ्याला वाटतं, ओळच तशी लिहिली आहे.

लोकगीतांत श्वासाची अशी चोरी करावी लागत नाही. हंगेरियन संगीतकार बार्टोक १९०६ पासून फोनोग्राफ (आवाज मुद्रित करणारं यंत्र) घेऊन खेडोपाडी गाणी टिपत फिरला. त्यानं पियानोसाठी लिहिलेल्या पंधरा हंगेरियन शेतकरी गीतांवरून संगीतकार पॉल आर्मा यांनी फ्लूट-पियानोचा संच केला. सुरुवातीची दुःखी गाणी बोलल्यासारखी चालतात, मोजून वाजवली की मेलीच. तिथे मी मात्रा मोजत नाही, जोडीदाराच्या खांद्यांकडे बघते. खांदे खाली आले की माझा स्वर.

खरी पंचाईत स्पिरिच्युअल्समध्ये. ही अमेरिकेतल्या गुलामगिरीत जन्मलेली गाणी. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाचा विद्यार्थी गायकवृंद १८७१ साली संस्थेसाठी निधी जमवायला निघाला आणि ती देशोदेशी पोहोचली. पुढे कृष्णवर्णीय गायक-संगीतकार हॅरी बर्ली यांनी ती आवाज आणि पियानोसाठी बसवली. त्याआधी १८९० च्या दशकात त्यांनीच ती चेक संगीतकार ड्वोर्झाकलाही गाऊन दाखवली होती. या गाण्यांतला गंधार अनेकदा कोमल आणि शुद्ध यांच्या मधेच कुठेतरी लागतो. फ्लूटवर तो मिळतो: वाद्य ओठांवर जरासं आत वळवलं की स्वर उतरतो. माझ्याकडे एक पट्टी कोमलची, एक शुद्धची, मधे काही नाही. मी दोन्हींपैकी कुठलाही दाबला तर बेसूर ठरणार जोडीदार. म्हणून मी माझ्या कॉर्डमधून (एकत्र वाजवायच्या स्वरांतून) गंधार काढूनच टाकते, नुसता षड्ज-पंचम धरते. लोक म्हणतात, पियानो फार मोकळा वाटला. मोकळा नव्हे, तिथे जागा राखून ठेवलेली असते!

आणखी एक भानगड आहे. फ्लूट तापला की चढतो, जोरात फुंकला की चढतो, हळू फुंकला की उतरतो. पियानो तसूभरही हलत नाही. हळू संपणाऱ्या गाण्यात शेवटचा लांब स्वर सुरात ठेवायची सगळी कसरत बिचाऱ्या जोडीदाराची.

"अध्यात्मिक संगीत आहे, मग टाळ्या वाजवायच्या की नाही?" असंही विचारतात. खुशाल वाजवा, आम्हाला आवडतात.

क्रम मात्र आम्ही बदलत नाही. बाख आधी, जोडीदार ताज्या दमाचा असताना. मग स्पिरिच्युअल्स. शेवटी बार्टोक, कारण त्या संचाची अखेर जुन्या नृत्यगीतांनी होते आणि सभागृह हलकं होतं. वन्स मोअर आलाच तर एखादं स्पिरिच्युअल पुन्हा. बाखची फर्माईश कृपा करून करू नका. जोडीदाराकडे तेवढा दम उरलेला नसतो, आणि माझी बोटंही तोवर नाहीच म्हणत असतात.