कोयनेची भरती : एकट्यानं कॅनू, नोंद सातवी

कराडजवळ, कोयनाकाठच्या तांबव्याच्या खाली सकाळी सव्वासहाला कॅनू पाण्यात सोडली. धुकं असं, की पलीकडच्या सुपन्याच्या बाजूला पंप चालू असल्याचं नुसतं ऐकू येत होतं.

मागच्या वेळी रडगाणं गायलो होतो, ते आधी मिटवतो. माझी कॅनू दोन माणसांची, चौदा फुटी, फायबरची. मागच्या बाकावर एकटा बसलो की पुढचं टोक हवेत, आणि वारा आला की भोवऱ्यासारखी फिरते. या वेळी मीच उलटा बसलो. पुढच्या बाकावर, मागच्या टोकाकडं तोंड करून. वजन मध्याजवळ आलं. उरलंसुरलं भागवायला समोरच्या टोकात वीस लिटरचा कॅन ठेवला, निम्मा नदीच्याच पाण्यानं भरलेला. नको झालं की ओतून द्यायचं. एवढ्यानं फरक पडला. एकाच बाजूनं वल्हवताना शेवटाला मनगट फिरवून वल्हं थोडं बाहेर ढकलायचं, म्हणजे होडी सरळ जाते, हे आता दहातल्या सातदा जमतंय. उरलेल्या तीनदा मी काठावरच्या करंजाला भेटून येतो.

आता मुद्द्याचं. माझा मेहुणा चिपळूणचा. वाशिष्ठीत गळ टाकायचा तर तो घड्याळ बघत नाही, तिथी विचारतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, म्हणजे सहाच्या आसपास पाणी भरणार. मला कायम चिडवतो, की तुमच्या नदीला ना भरती ना ओहोटी, मासा कधी खाणार हे तुम्हाला कळणार कसं? गंमत म्हणजे त्याच्या वाशिष्ठीत आमच्याच कोयनेचं पाणी जातं, डोंगराच्या पोटातून पोफळीला वीज करून. वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट).

पण भरती आम्हालाही आहे. ती चंद्रावर नाही, पायथा वीजगृहावर अवलंबून. धरणाच्या पायथ्याचं एक युनिट चालू झालं की नदीत १०५० क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, दोन्ही चालू झाली की २१००. शेतीची मागणी असेल तसं सोडतात, आणि काही तासांनी ते पाणी इथं पोचतं. बातमीत आकडा येतो, तेवढंच आमचं पंचांग.

म्हणून या हंगामात काठाजवळ गाळात एक बांबूची काठी रोवलीय. चाकूनं दर बोटाला एक खाच. साडेआठपर्यंत पाणी चौथ्या खाचेवर होतं, हललं नाही. तोवर दोन चिलापी, दोन्ही तळहाताएवढ्या. बाकी वेळ गळाच्या दोरीला बांधलेल्या, ज्वारीच्या चिपाडाच्या तरंगाकडं बघत बसलो. नऊच्या सुमाराला पाणी पाचव्या खाचेला टेकलं. हात घातला तर सकाळपेक्षा गार. मग सहावी. तरंग काठाकडं सरकायला लागला, म्हणजे कडेची सुकलेली वाळू भिजत होती. गळ मुद्दाम तिथंच टाकला, गुडघाभर पाण्यात, गांडूळ लावून. पहिल्या दहा मिनिटांत दोन चिलापी, मग एक वाम. वाम वर आली तीच तंगुसाला पीळ घालत. गळ काढताना पाठीवरच्या काट्यांनी अंगठा फाडला. तिला ओल्या फडक्यात धरायचं हे मला माहीत होतं, फडकं कॅनूच्या दुसऱ्या टोकाला होतं.

चढत्या पाण्यात मासा कडेला येतो, हे आता तिसऱ्यांदा वहीत लिहिलं. स्थिर पाण्यातल्या तासांत जेवढं लागलं, त्यापेक्षा जास्त या पाऊण तासात लागलं.

आणि मग मी माती खाल्ली. पाणी चढतंय हे खाचा मोजून सांगणारा शहाणा, कॅनूचं नाक वाळूवर ओढून काठी बघायला गेला. दोर होता. कॅनूतच होता. वाकून आठवी खाच चाचपतोय तोवर खालून आवाज आला, “ओ पाव्हणं, तुमची होडी निघाली की!”

मागं बघतो तर कॅनू आडवी होऊन निवांत कराडच्या दिशेनं चाललेली, कॅन, मासे, जेवणाचा डबा सगळं घेऊन. म्हशी धूत असलेले मामा कमरेएवढ्या पाण्यात होते. “मामा, धरा की जरा!” म्हणून मी काठानं पळत सुटलो. त्यांनी हातातली काठी बाकाला अडकवून कॅनू थांबवली, म्हशीला थोपवतात तशी. उडी मारून पोहत जायचं सुचलं होतं, पण लाईफ जॅकेटही कॅनूतच. कृष्णाकाठी मगरी दिसल्याच्या बातम्या काही नव्या नाहीत, आणि संगम इथून लांब नाही. एकट्यानं नदीत उतरताना जॅकेट अंगावरून काढायचं नाही, काठावर आल्यावरसुद्धा, आणि दोर आधी झाडाला, मग बाकी सगळं. वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाकलंय.

साडेअकराला काठी नवव्या खाचेपर्यंत बुडाली होती. मामांना दोन चिलापी दिल्या. त्यांनी वाम मागितली होती, ती नाही दिली.