एल्कचा माज आणि माझी एका आठवड्याची रजा

एल्कच्या (अमेरिकेतलं मोठं हरीण) शिकारीचं तिसरं वर्ष, टॅग (शिकारीचा परवाना) अजून कोराच. कोलोरॅडोत आर्चरी सीझन (धनुष्यबाणाने शिकारीचा) २ ते ३० सप्टेंबर आणि मला रजा मिळते एकच आठवडा, त्यामुळे सगळं डोकं कुठला आठवडा घ्यायचा यातच जातं. मागच्या वर्षी पहिला घेतला, फ्लॅट टॉप्सच्या डोंगरात, सात दिवसांत ब्यूगल (माजातल्या नराची आरोळी) ऐकला दोनदा, तोही रात्री तंबूत पडल्यावर.

तेव्हा शेजारच्या कॅम्पवाले म्हणायचे थंडी पडू दे मग बघ. मला ते आता पटत नाही. माज दिवस लहान होत जातो त्यावर ठरतो, थंडीवर नाही, म्हणून जोर दरवर्षी साधारण २० सप्टेंबरच्या आसपासच. उकाडा असला की नर दिवसा गप्प बसतात आणि दंगा रात्री, एवढाच फरक. आणि मादी माजावर असते जेमतेम एक दिवस, म्हणून एका दरीत आज गोंधळ, उद्या शुकशुकाट.

यंदा (२०२५) १५ ते २१ घेतली. आई फोनवर म्हणाली, "पितृपक्षात कुठे शिकारीला निघालास रे?" आता तिला काय सांगू, मला पितृपक्षच हवा होता! पौर्णिमा ७ ला झाली, सर्वपित्री २१ ला, म्हणजे रात्री काळोख, चरणं कमी आणि जनावर सकाळी उशिरापर्यंत बाहेर असा माझा हिशोब (चंद्राचं सगळ्यांना पटत नाही, माहितीये). फक्त १३ ते २१ मझलोडरवालेही (नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुकीचे शिकारी) तिथेच असतात हे हिशोबात धरलं नव्हतं, पहिले तीन दिवस जिथे जावं तिथे केशरी जॅकेट.

१८ ची सकाळ मात्र वसूल. वरच्या अ‍ॅस्पेनच्या झाडीतून ब्यूगल, आधी घोगरा मग शिट्टीसारखा चढत गेलेला. मी उताराच्या खालच्या अंगाला, सकाळची हवा वरून खाली वाहते म्हणून वारा तोंडावर. दोनदा काऊ कॉल (मादीचा आवाज) दिला आणि थांबलो. बुल (नर) दिसायच्या आधी त्याचा वास आला, गोठ्यातल्या मुतासारखा उग्र, पोटाखाली चिखल सुकलेला. रेंजफाइंडरवर ३४ यार्ड, पण मधे झुडूप, दोन पावलं पुढे आला असता तर. तेवढ्यात उतारावर ऊन आलं आणि मानेवर मागून गार झुळूक लागली, म्हणजे माझा वास आता त्याच्याकडे, तिथेच कळलं संपलं. एकदा मान वर केली आणि गेला. मी धनुष्य ओढून तसाच उभा, हात थरथरतायत.

तारीख बरोबर होती, घड्याळ चुकलं. पंधरा मिनिटं आधी कॉल द्यायला हवा होता.

२०२६ ला २१ ते २७ घ्यायचीये. तेव्हा पौर्णिमा २६ ला, म्हणजे माझ्या काळोखाच्या थिअरीची परीक्षाच. अडचण एकच, त्या वर्षी अधिक महिना असल्यामुळे गणपती उशिरा आहेत, अनंत चतुर्दशी २५ ला, आणि आमच्याकडे दहा दिवसांचा असतो. घरी अजून बोललेलो नाही.