भुकेच्या भरवशावर नाही

सोमवार, रात्री

वजन वाढवायला घेतलंय. या आठवड्याची सरासरी ५२.३ किलो. मागच्या आठवड्यात ५२.१ होती. दोनशे ग्रॅम फार वाटत नाहीत, पण मला हाच वेग हवाय: आठवड्याला वजनाच्या पाव ते अर्धा टक्का. त्याहून भरभर वाढलं तर चरबीचाच वाटा जास्त. रोज सकाळी काही खाण्याआधी काट्यावर उभी राहते, पण एका दिवसाचा आकडा मनावर घेत नाही. आदल्या रात्री खारट खाल्लं की काटा सहज अर्धा किलो वर जातो. ते नुसतं पाणी.

व्यायामापेक्षा जेवणच अवघड जातंय. स्क्वॉट, डेडलिफ्ट असे वजन उचलायचे व्यायाम करताना मजा येते, आज एखादं रेप (एक आवर्तन) वाढलं की उद्याची ओढ लागते. ताट मात्र संपता संपत नाही. आज दुपारी पाव ताट तसंच उरलं होतं, गार झालेलं, आणि घास तोंडातल्या तोंडात फिरत होता. संपवलं. भुकेच्या भरवशावर राहिले तर वजन आहे तिथेच राहील.

"कितीही खा, हिच्या अंगाला लागत नाही" हे लहानपणापासून ऐकत आलेय. १९९९ सालचा एक प्रयोग वाचल्यापासून त्याकडे वेगळ्या नजरेनं बघते. १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त दिल्या. कुणाची चरबी अर्धा किलोसुद्धा वाढली नाही, कुणाची ४ किलोंच्या वर गेली. ज्यांची वाढली नाही त्यांची नकळत होणारी हालचाल, म्हणजे उठबस, चुळबुळ, येरझाऱ्या, बरीच वाढली होती. मीही फोनवर बोलताना एका जागी थांबत नाही! म्हणजे शरीरात काही बिघाड नाही, खर्च जास्त आहे आणि जमा त्याच्या वर न्यायची आहे. रोज ३०० कॅलरी वर, एवढंच धरलंय.

प्रथिनं रोज वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे माझ्यासाठी ८५ च्या आसपास. अंडी, दूध, डाळी यांतून बहुतेक भागतं. पावडर सोय म्हणून ठीक, नसली तरी अडत नाही.

खरा आधार पिण्याचा आहे. मोठा ग्लासभर सायीचं दूध, एक केळं, दोन मोठे चमचे पीनट बटर, मिक्सरमधून फिरवलं की साडेचारशेच्या वर कॅलरी. तेवढंच चावून खायचं म्हटलं तर माझा अर्धा तास जातो. फक्त जेवणाच्या तोंडावर प्यायचं नाही, भूक मरते. व्यायामानंतर किंवा झोपण्याआधी.

झोप अजून सात तासांच्या खाली जातेय, ती सुधारायला हवी.

पुढचे दोन आठवडे सरासरी हलली नाही तर रोजच्या जेवणात आणखी दीडशे कॅलरी. बहुधा दुपारच्या भातावर जास्तीचं तूप, कारण त्यानं ताट मोठं दिसत नाही.