पुसून दाखवलेला फळा

परीक्षेतील गैरप्रकाराच्या आरोपांची प्रकरणे मी मुंबई उच्च न्यायालयात बरीच वर्षे चालवत आले आहे. त्यांची चाकोरी ठरलेली असते. वर्गात सापडलेली चिठ्ठी, पर्यवेक्षकाचा अहवाल, विद्यापीठाच्या चौकशी समितीची बैठक, आणि म्हणणे न ऐकताच शिक्षा झाली असेल तर रिट अर्ज. गैरप्रकाराचा ठपका ठेवून निकाल रद्द करायचा असेल, तर परीक्षार्थीला आधी बाजू मांडू दिली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाच्या प्रकरणात १९६२ सालीच सांगून ठेवले आहे, आणि त्या निकालाच्या आधारावर आम्हा वकिलांची निम्मी लढाई पहिल्या तारखेलाच होऊन जाते. गिरगावातल्या एका मुलीचे प्रकरण माझ्याकडे आले, तेव्हा मात्र यातले काहीच हाताशी नव्हते.

मुलगी अभियंता. दोन वर्षे नोकरी करून परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करत होती. त्यासाठी लागणारी प्रवेश परीक्षा तिने घरूनच, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर, दूरस्थ निरीक्षकाच्या देखरेखीखाली दिली होती. गुण चांगले आले, विद्यापीठांकडे गेलेही. आणि मग एका रात्री ई-मेल आला की, चित्रफितीच्या फेरतपासणीनंतर तिचे गुण रद्द करण्यात येत आहेत. कारणे दोन दिली होती. परीक्षार्थी वारंवार पडद्याबाहेर पाहत होती, आणि ती खोलीतील दुसऱ्या व्यक्तीशी बोलत असल्याचा संशय होता. चित्रफीत मागितली तर परीक्षेच्या सुरक्षिततेचे कारण सांगून नकार मिळाला. ठरलेल्या मुदतीत एकदाच लेखी म्हणणे मांडता येईल, एवढी सोय होती.

परीक्षा घेणारी संस्था परदेशी आणि खासगी असल्यामुळे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली, म्हणजे उच्च न्यायालयात रिट अर्ज करून, तिच्याविरुद्ध जाण्यात अर्थ नव्हता. नोंदणीच्या वेळी ‘मान्य आहे’ या चौकोनावर टिचकी मारून मुलीने ज्या अटी स्वीकारल्या होत्या, त्यांत वाद लवादापुढे आणि तोही परदेशात, असे स्पष्ट लिहिलेले होते. तिच्या वडिलांनी इंटरनेटवरून एक अमेरिकन निकाल छापून आणला होता: क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याच्या खोलीचे कॅमेऱ्यातून केलेले निरीक्षण घटनाबाह्य आहे, असे ओहायोतील न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये म्हटले होते. निकाल वाचनीय आहे, पण तो सरकारी विद्यापीठाबद्दलचा आहे. शिवाय आमची तक्रार नेमकी उलटी होती. त्यांनी खोली पाहिली याला आमची हरकत नव्हती, त्यांनी ती नीट पाहावी एवढेच आमचे मागणे होते. परीक्षेच्या वेळी घरात कोणीही नव्हते, असे चाळीतल्या शेजाऱ्यांच्या सह्यांचे निवेदनही वडिलांनी तयार ठेवले होते. त्या दिवशी अख्ख्या गॅलरीने दोन तास मिक्सर लावला नव्हता, हे मला पुढे समजले आणि पटलेही. परंतु समुद्रापलीकडच्या तपासनिसाला शेजाऱ्यांच्या सह्यांची किंमत शून्य. ते निवेदन मी बाजूला ठेवले.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. एक खोली, त्यामागे स्वयंपाकघर, उजव्या भिंतीला लोखंडी कॉट. दार कॅमेऱ्यात दिसले पाहिजे हा नियम असल्यामुळे घडीचे टेबल खिडकीकडे तोंड करून लावावे लागले होते. मी तिला परीक्षेच्या दिवशीची मांडणी जशीच्या तशी करायला सांगितली. कागद चालत नाही, म्हणून आकडेमोडीसाठी पुसता येणारा छोटा पांढरा फळा होता. मुलगी डावखुरी, त्यामुळे तो लॅपटॉपच्या डाव्या बाजूला, टेबलावर आडवा. परीक्षा संपल्यावर तो फळा कॅमेऱ्यासमोर धरून पुसून दाखवायचा, हाही त्यांचाच नियम. म्हणजे ती खाली कशाकडे पाहत होती, याचा एकमेव लेखी पुरावा तिने त्यांच्याच आज्ञेवरून पुसून टाकला होता.

लॅपटॉपचा कॅमेरा चालू करून मी तिला सरावाच्या पुस्तकातली गणिते सोडवायला बसवले आणि स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थांबले. चित्रण पाहताना दोन गोष्टी लक्षात आल्या. तिची नजर डावीकडे खाली गेली की त्याच क्षणी डावा खांदा हलू लागतो; हात चौकटीबाहेर असला तरी ती लिहिते आहे हे समजते. दुसरी गोष्ट मी चित्रणाआधी, उंबऱ्यातूनच ऐकली होती. एका भागाकाराशी अडल्यावर ती पुटपुटत होती: सतरा, चौतीस, एकावन्न, अडुसष्ट, पंच्याऐंशी.

“तू पाढे मोठ्याने म्हणतेस,” मी म्हटले.

“मी? कधी?” तिने विचारले, आणि चित्रणातला स्वतःचा आवाज ऐकून ती पार गोंधळून गेली. मराठी शाळेत घोकलेले पाढे तोंडातून बाहेर पडतात, याचा तिला पत्ताच नव्हता.

उत्तर कसे लिहायचे, यावर त्या दुपारी बराच वाद झाला. परीक्षा चालू असताना बोलण्यास नियमाने बंदी होती. वडील म्हणाले, “मॅडम, बोलल्याचं आपणच कबूल करायचं? त्यांना तेच हवं आहे.” त्यांची भीती चुकीची नव्हती. एरवी फौजदारी प्रकरणात मीही अशिलाला गप्प राहायला सांगितले असते. पण येथे ध्वनिमुद्रण त्यांच्याकडे होते आणि आमच्याकडे नव्हते. ‘ती एक शब्दही बोलली नाही’ असे लिहिले असते, तर तपासनिसाने फीत लावताच पहिल्या पुटपुटण्याशी आमचे सगळे म्हणणे कोसळले असते. शिवाय त्यांचा आरोप दुसऱ्या व्यक्तीशी बोलण्याचा होता. स्वतःशी पाढा म्हणणे हा फार तर शिस्तभंग ठरेल, फसवणूक नव्हे. मुलीने आमचे दोघांचेही ऐकून घेतले आणि खरे ते लिहावे असे सांगितले.

मग मसुदा सोपा झाला. निर्दोषत्वाच्या शपथा, घरची परिस्थिती, शैक्षणिक नुकसान, असले काहीही मी त्यात घातले नाही. त्यांच्याच नोंदींवर तपासता येतील असे मुद्दे ठेवले. संशयास्पद ठरवलेल्या क्षणांच्या वेळा परीक्षेच्या विभागांशी जुळवून पाहा. फळा लागतो तो गणिताच्या विभागात, म्हणून पडद्याबाहेर पाहणे आणि पुटपुटणे तेथेच दाटलेले असेल आणि भाषेच्या विभागात जवळजवळ नसेल. कोणी उत्तरे सांगत असते, तर त्याने भाषेचा विभाग का सोडला असता? नजर खाली जाताना डावा खांदा पाहा. पुटपुटण्याला उत्तर देणारा दुसरा आवाज आहे का, ते पाहा. ध्वनी मराठी जाणणाऱ्या माणसाकडून ऐकून घ्या. तोवर जुळवून पाहता यावे म्हणून तेरा ते एकोणीसचे पाढे मराठी उच्चार रोमन लिपीत आणि समोर आकडे, असे जोडले. गॅलरीतून बाहेरचे आवाज आले असण्याची शक्यताही आम्ही आपणहून नोंदवली. निरीक्षकाने चॅटमध्ये एकदाही हटकले नव्हते, हा मुद्दा वडिलांना फार मोलाचा वाटत होता; मी तो एका ओळीत उरकला, कारण फेरतपासणी नंतर होते हे नियमांतच आहे.

न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाचा १९९५ चा डाल्टन निकाल मात्र मी शेवटी उद्धृत केला. पहिल्या परीक्षेपेक्षा दुसऱ्या परीक्षेत ४१० गुण जास्त मिळवलेल्या एका विद्यार्थ्याचे ते प्रकरण. परीक्षार्थीने दिलेली संबंधित माहिती संस्थेने प्रामाणिकपणे विचारात घेतलीच पाहिजे, ते तिच्या कराराचेच बंधन आहे, असे त्या न्यायालयाने म्हटले. पण गुण जाहीर करा असा आदेश दिला नाही. निकाल आमच्यावर बंधनकारक नव्हता, आणि आम्हीही तेवढ्यापुरताच तो वापरला: आम्ही सोबत जोडलेले त्या रविवारचे चित्रण पाहिल्याशिवाय निर्णय कायम करू नये.

उत्तर यायला डिसेंबरचा मध्य उजाडला. चार ओळींचा ई-मेल होता. अतिरिक्त तपासणीनंतर गुण पूर्ववत करण्यात येत आहेत. काय तपासले, मराठी कोणी ऐकले का, मूळ संशय कोणत्या मिनिटाबद्दल होता, यातले एकही अक्षर त्यात नव्हते, आणि दिलगिरीही नव्हती. तोपर्यंत दोन विद्यापीठांची मुदत उलटून गेली होती. एकाच्या प्रवेश कार्यालयाला मुलीने सारा पत्रव्यवहार जोडून पाठवला, आणि त्यांनी उशिरा आलेले गुण स्वीकारले. दुसऱ्याने नियमावर बोट ठेवून अर्ज परत केला. गुण विद्यापीठांकडे पुन्हा पाठवण्यासाठी संस्थेने नव्याने शुल्क घेतले आहे. ते परत मिळावे, असे पत्र मी पाठवले आहे आणि त्याची पोच तेवढी मिळाली आहे.