आखूड तुकड्यांसाठी सरकती चौकट

४ जानेवारी २०२६, रविवार

संक्रांत दहा दिवसांवर आली. आमच्याकडचं हळदीकुंकू रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी असतं, म्हणून अजून थोडी उसंत आहे. यंदा वाण म्हणून उदबत्तीची घरं लुटायची ठरवली आहेत. तळहाताएवढी, वर कोयरी कोरलेली, काही अक्रोडाची, काही चेरीची. लाकडाची वानवा नाही. इथे ओहायोत होम्स काउंटीला आमिश सुतारांच्या कार्यशाळा आहेत. आमिश म्हणजे आधुनिक सोयींपासून लांब राहणारा ख्रिस्ती पंथ. त्यांच्याकडे तारेवरची वीज नसते, डिझेल इंजिनावर आणि दाबलेल्या हवेवर करवती-रंधे चालतात आणि टेबलं-कपाटं बनतात ती नजर ठरणार नाही अशी. कापून उरलेले तुकडे जळणासाठी खोक्यात पडलेले असतात. तिकडे गेलं की मी खोकंभर घेऊन येते. काळ्या अक्रोडाचा तो जांभळट तपकिरी रंग चुलीत जावा, हे मला बघवत नाही.

अडचण आहे ती लांबीची. गॅरेजमधलं लाकूड कोरायचं यंत्र कार्व्हराइट, पूर्वी सीअर्सच्या दुकानात कॉम्प्यूकार्व्ह या नावानं मिळायचं त्यातलं. नेहमीच्या सीएनसीत, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरणी यंत्रात, लाकूड जागेवर असतं आणि कोरणारं डोकं सगळीकडे फिरतं. या यंत्रात फळीच पुढेमागे सरकते. खालून सँडपेपरचे पट्टे तिला ढकलतात, वरून रोलर दाबून धरतात आणि एका कडेचा छोटा पितळी रोलर फळी किती सरकली ते मोजत राहतो. साडेचौदा इंच रुंद आणि पाच इंच जाड लाकूड त्यात सहज जातं, लांबीचा तर प्रश्नच नाही. पण दोन्ही टोकांना साधारण साडेतीन इंच जास्तीचं लाकूड हवं, नाहीतर कोरता कोरता टोक रोलरखालून निसटतं. माझे तुकडेच मुळी चार-पाच इंचांचे. रोलरपाशी पोचेपर्यंतच संपायचे.

म्हणून चौकट. बाहेरून ती यंत्राला एक सरळ, लांब फळी वाटली पाहिजे आणि आत कुठलाही तुकडा घट्ट बसला पाहिजे. एकेका मापासाठी वेगळी चौकट करून गरम गोंदानं तुकडा चिकटवणारे पुष्कळ आहेत. एकाच मापाच्या शंभर वस्तू करायच्या असतील तर ते बरंही पडेल. माझ्या खोक्यात मात्र दोन तुकडे सारखे सापडायचे नाहीत.

आज कागदावर माप काढलं. २४ इंच लांब, १० इंच रुंद. खाली सलग ६ मिलिमीटरचं बर्च प्लायवूड, म्हणजे सँडपेपरच्या पट्ट्यांना आणि पितळी रोलरला कुठेही सांधा लागणार नाही. वर १८ मिलिमीटरच्या प्लायवूडच्या दोन लांब पट्ट्या आणि दोन्ही टोकांना चार-चार इंचांचे आडवे ठोकळे. आत सोळा इंच बाय सहा इंचांची जागा उरते.

सगळ्यात जास्त विचार केला तो काय सरकवायचं आणि काय नाही, याचा. चारही बाजू सरकत्या करण्याचा मोह होतो. पण मग दर तुकड्याला त्याची नेमकी जागा मोजून संगणकावरच्या आराखड्यात नव्यानं भरावी लागेल. त्यापेक्षा डावा-पुढचा कोपरा कायमचा पक्का. तिथे दोन कडा काटकोनात चिकटवायच्या आणि प्रत्येक तुकडा त्या कोपऱ्याला भिडवायचा. समोरच्या दोन बाजू तेवढ्या सरकत्या. तुकडा केवढाही असो, त्याचा कोपरा तिथेच येणार, आणि आराखड्यात कोयरीची जागा एकदा ठरली की ठरली.

१० जानेवारी, शनिवार

बाहेर कडाका आहे. गॅरेजमधला पारा दहा अंश सेल्सिअसच्या खाली गेला की सुताराचा पिवळा गोंद नीट धरत नाही, वाळल्यावर खडूसारखा पांढरा पडतो. तेव्हा चौकट स्वयंपाकघराच्या टेबलावर जुळवली. प्लायवूड आदल्या रात्रीच आत आणून ठेवलं होतं. नवरा बिचारा पोळ्यांचा डबा हातात धरून उभ्यानं जेवला.

गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजले, सारखे येईपर्यंत क्लॅम्प किंचित सैल-घट्ट करत राहिले. गुण्या एक कोपरा सांगतो, कर्ण चारही सांगतात. वाळल्यावर रुंदी व्हर्नियरनं, म्हणजे बारीक माप घ्यायच्या मोजपट्टीनं, दोन्ही टोकांना आणि मध्ये तपासली, कारण यंत्राला सरळपणा कळतो तो या बाहेरच्या कडांवरून. आतला तुकडा वाकडातिकडा असला तरी चालेल, या कडा नाही.

चौकटीत एकही स्क्रू नाही, हे मला फार हवं होतं. यंत्राचं सोळांश इंचाचं नाजूक कोरणारं पातं चुकून धातूवर गेलं तर टोक उडालंच समजा. म्हणून तुकडा धरायला पाचरी. मोठं अंतर भरायला वेगवेगळ्या लांबीचे ठोकळे आणि शेवटच्या फटीत उलटसुलट लावलेल्या दोन पाचरी. दोन्ही समोरून हलकेच ठोकल्या की दाबणाऱ्या बाजू एकमेकींना समांतर राहतात.

बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. सावंतवाडीच्या घरी सुतारकाम लहानपणापासून बघितलेला माणूस. पाचर बघताक्षणी म्हणाले, “उतार फार दिलायस गं. निमुळती ठेव, ती धरून बसते. जाडी पाचर यंत्राच्या थरथरीनं मागे येईल.” बरोबरच आहे. आठास एक असा उतार देऊन मेपलच्या पाचरी पुन्हा रंधल्या. पॉलिशपेपर नुसता फिरवला, गुळगुळीत केल्या नाहीत. मेण तर पाचरींनाही नाही आणि चौकटीच्या तळालाही नाही. तिथे पकड हवी.

लांबीच्या दिशेनं पाचर घट्ट ठोकता येते, टोकाचे ठोकळे दणकट आहेत. रुंदीच्या दिशेनं मात्र बोटानं दाबण्याइतकीच. तिथे जोर केला की बाजूची पट्टी बाहेर फुगते. हे डोळ्यांना दिसत नाही. व्हर्नियर लावून पाचर जरा जास्त ठोकली तर आकडा हलताना दिसतो आणि सैल केली की जागेवर येतो. आता प्रत्येक तुकडा बसवल्यावर मधली रुंदी मोजायची, हा नेमच ठेवणार आहे.

११ जानेवारी, रविवार

पहिला मान चेरीला. तुकडे साडेसतरा मिलिमीटरपर्यंत रंधून घेतले, म्हणजे ते बाजूच्या पट्ट्यांपेक्षा अर्धा मिलिमीटर खाली बसतात. तुकडा वर आला तर रोलर त्यावर चढतो, डोकं उचललं जातं आणि नक्षीत आडवी रेघ उमटते. खाली असला तर काही बिघडत नाही, कारण यंत्र कोरण्याआधी त्याच तुकड्याला टोक टेकवून त्याची उंची घेतं. फार खाली गेला तर तळाशी जाड पुठ्ठ्याचा कपटा.

कोयरीचं शेपूट जिथे वळून आत येतं, तिथे तीन रेषा एकमेकींपासून दोरा दोरा अंतरावर आहेत. तुकडा कोरताना केसभर जरी हलला असता तर त्या एकमेकींत गेल्या असत्या. तिन्ही वेगळ्या आल्या आहेत. नखानं चाचपून बघितल्या. चेरी आत्ता फिकट गुलाबी दिसते, पण उन्हात ठेवली की महिनोन्महिने गडद होत जाते. मैत्रिणींना हे सांगून द्यायला हवं, म्हणजे त्या ती कपाटात बंद करून ठेवणार नाहीत.

उद्या संध्याकाळपासून अक्रोड. लाकूड गडद असलं की यंत्राच्या डोळ्याला कधीकधी फळीची कड दिसत नाही, म्हणून कडेला मास्किंग टेप लावायची पद्धत आहे. आता त्याची गरज नाही, कड बर्चची आहे आणि बर्च पांढरं. अक्रोडाचा गाठीचा तुकडा मात्र शेवटी घेईन. त्याची एक बाजू तिरकी आहे, तिला तिरक्या मापाचा ठोकळा आधी कापावा लागेल.